रुग्णवाहिकेचं बिल आणि गाडीतल्या दोघांचा पगार

अमेरिकेत रुग्णवाहिकेचं बिल हा घरोघरी धास्तीचा विषय आहे. पाच-सात मैलांच्या प्रवासाला हजार-दीड हजार डॉलरचा आकडा सहज दिसतो. विमा असला तरी त्यातला काही भाग खिशातून जातोच, आणि ते पाकीट फोडलं की अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो गाडीतून उतरलेल्या त्या दोघांचा. एवढं बिल म्हणजे त्यांची चांगलीच चैन असणार! प्रत्यक्षात त्या दोघांचा मिळून तासाचा दर पन्नास डॉलरच्या आत भरतो.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा मे २०२४चा हिशोब असा: ईएमटीचा, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा, वर्षाचा मध्यक पगार ४१,३४० डॉलर आणि पॅरामेडिकचा ५८,४१० डॉलर. मध्यक म्हणजे निम्म्यांना याहून जास्त आणि निम्म्यांना याहून कमी. तासावर उतरवलं तर ईएमटीला वीस डॉलरला थोडे कमी आणि पॅरामेडिकला अठ्ठावीस. त्याच यादीत नर्सचा मध्यक पगार ९३,६०० डॉलर आहे. आपल्याकडच्या वाचकाला लगेच रुपयांत हिशोब करायचा मोह होतो आणि पस्तीस लाख हा आकडा बघून डोळे विस्फारतात; पण खर्चही डॉलरमध्येच होतो, आणि मोठ्या शहरात दीड-दोन हजार डॉलर भाडं भरून ईएमटीच्या हातात फारसं काही उरत नाही. तुलना करायचीच तर तिथल्या तिथे करावी. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४पासून मोठ्या फास्टफूड साखळ्यांमधल्या कामगाराला तासाला किमान २० डॉलर देणं कायद्याने बंधनकारक झालं. देशभरातल्या निम्म्या ईएमटींचा दर त्या वेळी याहून कमी होता.

ईएमटी आणि पॅरामेडिक यांत बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. गणवेश तोच, गाडी तीच. पण ईएमटीचा अभ्यासक्रम साधारण दीडशे तासांचा असतो: ऑक्सिजन लावणं, छाती दाबून श्वास देणं, रक्तस्राव थांबवणं, मोडलेलं हाड बांधणं, मोजकी औषधं. एका सत्रात होतो, बारावीनंतर लगेच करता येतो. पॅरामेडिकला त्यापुढे बाराशे तासांच्या आसपास शिकावं लागतं. तो ईसीजी वाचतो, शीर शोधून सलाईन लावतो, श्वासनलिकेत नळी घालतो, हृदयाचा ठोका बिघडला तर औषध किंवा शॉक देतो, आणि हे सगळं चालत्या गाडीत किंवा जिन्याच्या वळणावर गुडघ्यांवर बसून. नर्स दोन वर्षांची पदविका घेऊनही होता येतं. म्हणजे पॅरामेडिक आणि नर्स यांच्या पगारात जेवढं अंतर आहे, तेवढं त्यांच्या शिक्षणात नाही. म्हणूनच पॅरामेडिकांना नर्स करणारे ‘ब्रिज कोर्स’ तिथे जोरात चालतात. कित्येक जण रुग्णवाहिकेतली नोकरी ही पुढच्या नोकरीची पायरी म्हणूनच धरतात.

वर्षाच्या पगाराचे वरचे आकडे आठवड्याला चाळीस तास धरून काढलेले आहेत. रुग्णवाहिकेत चाळीस तासांचा आठवडा सगळीकडे नसतो. अनेक ठिकाणी चोवीस तास ड्युटी आणि अठ्ठेचाळीस तास सुट्टी असा क्रम चालतो. त्याची सरासरी आठवड्याला छप्पन्न तास पडते. तासाला वीस डॉलरवर काम करणाऱ्या ईएमटीला चाळीस तासांचे ८०० डॉलर आणि वरच्या सोळा तासांचे दीडपट दराने ४८० मिळाले, तर आठवड्याला १,२८० झाले. वर्षाला साडेसहासष्ट हजार. ‘तो पॅरामेडिक लाखभर कमावतो’ अशा गोष्टी कानावर येतात त्या बहुतेक अशाच असतात. त्या पगारात माणसाची झोप, पाठ आणि सणवार घातलेले असतात.

झोपेवरून आठवलं. अमेरिकेच्या कामगार नियमांत एक मजेदार तरतूद आहे, मजेदार अर्थात मालकाच्या बाजूने. चोवीस तासांची पाळी असेल, झोपायची नीट सोय असेल आणि कर्मचाऱ्याशी तसा करार झालेला असेल, तर खासगी मालक रात्रीचे आठ तासांपर्यंतचे झोपेचे तास पगारातून वगळू शकतो. मध्येच कॉल आला तर तेवढा वेळ भरपगारी. झोप पाच तासांहून कमी झाली तर सगळी रात्र भरपगारी. आता वरचाच हिशोब पुन्हा मांडावा. पाळी चोवीस तासांची, पण पैसे सोळा तासांचे. आठवड्याची सरासरी सदतीस तासांवर येते आणि ही सरासरी धरली तर ओव्हरटाइमचा प्रश्नच उरत नाही. छप्पन्न तास स्टेशनात बूट घालून तयार राहायचं आणि वर्षअखेर एकोणचाळीस हजारांच्या आत घरी यायचं. दर तोच, माणूस तोच, पाळी तीच. कराराच्या एका कलमाने वर्षाला सत्तावीस हजारांहून जास्त फरक. सगळ्याच कंपन्या हे कलम वापरत नाहीत, आणि कॉलांची रीघ असलेल्या शहरात ते लावूनही उपयोग नसतो, कारण तिथे पाच तास झोपतो कोण?

कामाच्या मधल्या सुट्टीवरूनही असाच खटका उडाला. सुट्टीत रेडिओ चालू ठेवायला लावला तर ती सुट्टी नव्हेच, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये सुरक्षारक्षकांच्या एका खटल्यात ठरवलं. हाच न्याय रुग्णवाहिकांना लागला तर आपलं काय, हे खासगी कंपन्यांच्या लगेच ध्यानात आलं. २०१८च्या निवडणुकीत ‘प्रपोझिशन ११’ मतपत्रिकेवर आलं: खासगी रुग्णवाहिकांच्या कर्मचाऱ्यांनी भरपगारी सुट्टीतही कॉलसाठी हाताशी राहायचं. प्रचाराचा कोट्यवधी डॉलरचा खर्च अमेरिकन मेडिकल रिस्पॉन्स या देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णवाहिका कंपनीने उचलला. सुमारे साठ टक्के मतदारांनी होकार दिला. मतदाराला दोष तरी कसा द्यावा? हार्ट अटॅक आलाय आणि समोरचा सँडविच खातोय, अशी कल्पना करून कोण नकार देईल?

मग बिलातले ते हजार-दीड हजार जातात कुठे? बराचसा पैसा वाट बघण्यात जातो. रुग्णवाहिका दिवसाचे चोवीस तास माणसांसह, औषधांसह, डिझेल भरून उभी असावी लागते, आणि तिला कॉल किती येणार हे कुणाच्या हातात नसतं. ती रिकामी उभी असते त्या तासांचा खर्चही शेवटी एखाद्या रुग्णाच्या बिलातच वसूल होतो. शिवाय ज्यांच्याकडे विमा नाही, जे बिल भरतच नाहीत, त्यांचाही भार इतरांवर पडतो. हा रिकामा वेळ कमी करायला जॅक स्टाउट यांनी १९८०च्या दशकात एक पद्धत रुजवली. कुठल्या वेळी कुठल्या भागातून कॉल येतात याची आकडेवारी काढायची आणि गाड्या स्टेशनात न ठेवता त्या त्या चौकात उभ्या करायच्या. गाडी लवकर पोचू लागली, कमी गाड्यांत काम भागू लागलं. गाडीतल्या दोघांच्या वाट्याला काय आलं, तर बारा तास पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यावर सीटवर बसून राहणं. स्टेशन नाही म्हणजे पलंग नाही, स्वयंपाकघर नाही आणि संडासही पंपाचाच.

याहून मोठी गोम पैसा कशाबद्दल मिळतो यात आहे. मेडिकेअर ही पासष्टच्या पुढच्या नागरिकांची सरकारी विमा योजना १९६५च्या कायद्याने आली. त्या कायद्यात रुग्णवाहिका आली ती वाहतुकीचं साधन म्हणून: दुसऱ्या कुठल्या वाहनाने नेणं रुग्णाच्या प्रकृतीला धोक्याचं असेल, तर रुग्णवाहिकेचं भाडं देऊ. त्या काळी ते चुकीचंही नव्हतं. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६मध्ये काढलेल्या अपघाती मृत्यूंवरच्या प्रसिद्ध अहवालात नोंद आहे की देशातल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे चालवत होते, तब्बल बारा हजार व्यावसायिक. कारण सरळ होतं. माणूस आडवा ठेवता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच होती. उपचाराचा प्रश्नच नव्हता. उचलायचं आणि पोचवायचं.

हे चित्र पालटलं ते वर्षा-दोन वर्षांत. सीपीआरच्या तंत्राचे एक जनक डॉ. पीटर सफार पिट्सबर्गमध्ये होते. त्यांनी १९६७पासून हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना हाताशी धरलं आणि सुमारे तीनशे तासांचं प्रशिक्षण देऊन फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना नोकरीला कुणी उभं करत नव्हतं, ती मुलं रस्त्यावर श्वासनलिकेत नळी घालू लागली. १९७४मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. देशभरच्या पॅरामेडिकांसाठीचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक या अनुभवातून तयार झालं. १९७५मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. जुन्या कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेतलं खरं, पण बऱ्याच जणांना चाचण्या आणि बदल्या करून बाजूला सारलं गेलं. व्यवसाय ज्यांनी घडवला, त्यांनाच त्याचा पगार फार काळ मिळाला नाही.

गाडीत उपचार आले, पण मेडिकेअरच्या वहीत गाडी भाड्याचीच राहिली. मधुमेही आजोबांची साखर घसरून ते बेशुद्ध पडले आहेत असं समजा. पॅरामेडिक येतो, बोट टोचून साखर बघतो, शिरेतून ग्लुकोज देतो. दहा मिनिटांत आजोबा उठून बसतात, समोरच्याचं नाव विचारतात, ‘मला कुठेही जायचं नाही’ म्हणून कागदावर सही करतात. उपचार पूर्ण, रुग्ण ठणठणीत, तातडीच्या विभागातला पलंग वाचला. पण आजोबा गाडीत चढले नाहीत, म्हणून मेडिकेअरकडून त्या कामाचे पैसे शून्य. अफूजन्य औषधांचा डोस जास्त झालेल्या तरुणाला नॅलोक्सोन देऊन उठवलं आणि तो चालता झाला, तर खासगी विम्यांकडूनही बहुधा हेच उत्तर येतं. नियमांचा चमत्कारिकपणा बघा: गाडी निघाल्यानंतर आणि रुग्णाला आत घेण्याआधी तो मृत घोषित झाला, तर मेडिकेअर मूळ दर देते, मैलांचे पैसे तेवढे देत नाही. बरा होऊन घरी राहिला तर तेवढंही नाही.

हे बदलायचा प्रयत्न झाला. जानेवारी २०२१मध्ये मेडिकेअरने ‘ईटी३’ नावाचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. घरीच उपचार केले किंवा रुग्णाला साध्या दवाखान्यात नेलं तरी पैसे देण्याचा. पाच वर्षांचा प्रकल्प डिसेंबर २०२३मध्येच गुंडाळला, अपेक्षेइतका प्रतिसाद नाही म्हणून. कोविडच्या ऐन धामधुमीत सुरू झालेल्या योजनेला आणखी थोडी सवड द्यायला हरकत नव्हती.

सगळा दोष विम्याचा नाही. निम्म्याहून अधिक अडचण आपल्याच माणसांनी फुकट काम करण्याच्या परंपरेतून आली आहे, असं तिथले पगारी कर्मचारी कुरकुरत सांगतात. व्हर्जिनियातल्या रोनोक गावी ज्युलियन स्टॅनली वाइज यांनी १९२८मध्ये स्वयंसेवकांचं बचावपथक काढलं. लहानपणी नदीत माणसं बुडताना बघितली होती आणि काठावर उभ्या असलेल्या कुणालाच काही करता आलं नव्हतं, तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात होतं. त्यातून देशभर स्वयंसेवी पथकं उभी राहिली आणि खेड्यापाड्यांत आजही त्यांच्यावर मोठी भिस्त आहे. पण शेजारच्या गावात तेच काम विनामोबदला होत असेल, तर आपल्या गावातल्या पगाराची मागणी नगरपालिकेच्या बैठकीत फारशी टिकत नाही. वर कित्येक राज्यांत रुग्णवाहिका ही पोलीस किंवा अग्निशमनासारखी अत्यावश्यक सेवा म्हणून कायद्यात नमूदच नाही. ती पुरवायचं बंधनच नाही म्हटल्यावर अंदाजपत्रकात तिचा नंबर शेवटी लागतो.

न्यूयॉर्कमध्ये हा भेदभाव एकाच छपराखाली दिसतो. तिथली रुग्णवाहिका सेवा १९९६मध्ये अग्निशमन दलात विलीन झाली. गणवेशावर त्याच दलाची खूण आली, पगार मात्र आपल्या जागी राहिला. २०२२मध्ये मुदत संपलेल्या करारात ईएमटीची सुरुवात ३९,३८६ डॉलरपासून होती आणि साडेपाच वर्षांनी तो ५९,५३४वर पोचत होता. तेवढीच वर्षं नोकरी केलेला त्याच दलातला फायरमन मूळ पगारात याच्या बराच पुढे जातो. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आता वैद्यकीय असतात, हे लक्षात घेतलं तर हा हिशोब आणखीच उलटा वाटतो. स्वाभाविकच ईएमटी म्हणून लागायचं, खात्यांतर्गत परीक्षा द्यायची आणि फायरमन व्हायचं, ही न्यूयॉर्कमधली रुळलेली वाट आहे. रुग्णवाहिकेत अनुभवी माणूस टिकत नाही तो असा. कामाचा कंटाळा आला म्हणून जाणारे त्यात थोडे.

उलट उदाहरण सिएटलचं. डॉ. लिओनार्ड कॉब आणि अग्निशमन प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी १९७०मध्ये तिथे ‘मेडिक वन’ सुरू केलं. पुढे आसपासच्या किंग काउंटीने त्यासाठी घरपट्टीवर वेगळा कर बसवायचा निर्णय मतदारांपुढे ठेवला, आणि १९७९पासून मतदार तो पुन्हा पुन्हा मंजूर करत आले आहेत. २०२०मध्ये सुरू झालेल्या टप्प्याचा दर घराच्या हजार डॉलर किमतीमागे साडेसव्वीस सेंट होता. सहा लाखांच्या घराला वर्षाला १५९ डॉलर. या पैशाला रुग्ण गाडीत चढला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. वाट बघणाऱ्या गाडीचाही तो खर्च उचलतो. पॅरामेडिकांच्या पगारात वॉशिंग्टन राज्य देशात अगदी वरच्या क्रमांकांत दिसतं, त्याचं एक कारण हे असावं. राज्यातली महागाई हे दुसरं.

ब्रिटनमध्ये बिलच नाही. पॅरामेडिक हा एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, नोकर, आणि पगार सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच तक्त्यातून ठरतो. इंग्लंडच्या २०२५-२६च्या तक्त्यात नवखा पॅरामेडिक पाचव्या श्रेणीत ३१,०४९ पौंडांवर लागतो आणि शिकाऊ काळ संपला की सहाव्या श्रेणीत, ३८,६८२ ते ४६,५८०च्या पट्ट्यात जातो. रात्रीचे आणि रविवारचे तास वेगळ्या दराने. ही सहावी श्रेणी २०१६च्या करारात पदरात पडली. पदवी ही आता प्रवेशाची अट आहे आणि नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला पॅरामेडिक म्हणवता येत नाही. सरकारशी बोलताना या दोन्हींचं वजन पडतं. तरी डिसेंबर २०२२मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले रुग्णवाहिका कर्मचारी संपावर गेलेच. तक्ता असला म्हणून महागाईच्या पुढे पळतो असं नाही.

नोंदणीचं वजन सगळ्यांत नामी रीतीने वापरलं ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पॅरामेडिकांनी. तिथे १ डिसेंबर २०१८पासून पॅरामेडिकांना दर वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. २०२३च्या अखेरीस पगारवाढीची बोलणी अडली तेव्हा हजारो पॅरामेडिकांनी जाहीर केलं की आम्ही यंदा नूतनीकरणच करणार नाही. म्हणजे १ जानेवारीला त्यांना कायद्यानेच कामावर घेता आलं नसतं. संप नाही, घोषणा नाहीत, कॉल टाळणं नाही. फक्त एक अर्ज न भरणं. वर्ष संपायच्या आत सरकारने चार वर्षांत सरासरी २५ टक्के वाढ कबूल केली.

महाराष्ट्रात १०८ची सेवा जानेवारी २०१४मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, २३३ प्रगत जीवरक्षणाच्या आणि ७०४ मूलभूत. रुग्णाला बिल नाही. सरकार कंत्राटदाराला पैसे देतं आणि कंत्राटदार माणसं ठेवतो. चालकाला इथे ‘पायलट’ म्हणतात आणि मागे बसतो तो डॉक्टर, बहुतेक वेळा बीएएमएस. हैदराबादेत २००५मध्ये सुरू झालेल्या ईएमआरआय या रुग्णवाहिका सेवेच्या धर्तीवर चालणाऱ्या राज्यांत, त्यांत गोवाही आला, मागे ईएमटी असतो. महाराष्ट्राने डॉक्टर बसवून एका अर्थी वरची पातळी गाठली. पण त्यामुळे पॅरामेडिक हे पद इथे नीट उभंच राहिलं नाही, आणि पदच नाही तिथे वेतनश्रेणी कुठून येणार? पगार कंत्राटात ठरतो. कंत्राट बदललं की माणसंही नव्याने सही करतात.

केंद्राच्या २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने ईएमटी आणि प्रगत पॅरामेडिक यांना परिशिष्टात स्वतंत्र व्यवसाय म्हणून जागा दिली आहे. अभ्यासक्रमाचे किमान तास, राज्य परिषदा, नोंदवही असं सगळं त्यात आहे. वेतनाबद्दल त्यात अवाक्षर नाही. ऑस्ट्रेलियातही नोंदणीच्या कायद्यात पगाराचा शब्द नव्हता. नोंदवही उघडली २०१८मध्ये आणि पगाराच्या वाटाघाटीत ती हाती धरली गेली २०२३मध्ये.